लेखणीला हवी हिशेबाची जोड
महिला महाविद्यालयांतील माध्यम आणि व्यवस्थापन अभ्यासक्रमांचा वेध

विशेष प्रतिनिधी, मुंबई

बारावीचा निकाल लागला की घरोघरी प्रवेशाची चर्चा सुरू होते. कला शाखेकडे ओढा असलेल्या मुलीपुढे आज केवळ साहित्य वा इतिहास असे पर्याय नसतात, तर जनसंज्ञापन, जाहिरात, जनसंपर्क हेही असतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीपुढे बीकॉमबरोबर व्यवस्थापनाची पदवी असते. महिला महाविद्यालयांनीही गेल्या पंचवीस वर्षांत या दोन्ही वाटा धरल्या आहेत. माहितीपत्रकांवर 'करिअर' हा शब्द ठळकपणे झळकतो. पण त्या शब्दामागे नेमके काय शिकवले जाते आणि पदवी हाती आल्यावर त्यातून अर्थार्जन होते का, याची चौकशी मात्र फारशी केली जात नाही.

ही चौकशी का आवश्यक आहे, ते आकडेवारीवरून स्पष्ट होते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख विद्यार्थिनी होत्या. म्हणजे वर्गात मुली जवळजवळ निम्म्या आहेत. वर्गाबाहेरचे चित्र मात्र वेगळे आहे. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार शहरी भागातील १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी केवळ २८ टक्के स्त्रिया काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. या दरीला लग्न, बालसंगोपन, प्रवास, घरच्यांचा विरोध अशी अनेक कारणे आहेत आणि ती सर्व महाविद्यालयाच्या हातातली नाहीत. तथापि, पदवी घेऊनही बाजारात मागणी असलेले एकही कौशल्य अंगी नसणे हे कारण मात्र नक्कीच महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे.

गृहीतागमा ते बीएमएस

महाराष्ट्रात या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारतीय महिला विद्यापीठ साकार झाले. पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने हे विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, अर्थात एसएनडीटी, या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईला आले.

कर्वे यांच्या योजनेतील दोन गोष्टी आजच्या चर्चेतही महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि जोडीला इंग्रजीचा अभ्यास. दुसरी गोष्ट पदवीच्या मान्यतेची. या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या पदवीधर स्त्रिया 'बीए' नव्हे, तर 'जीए' म्हणजे 'गृहीतागमा' म्हणवल्या जात. पदवीचे नाव संस्कृतप्रचुर आणि देखणे होते. मात्र विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. वैधानिक दर्जा मिळण्यासाठी १९५१ पर्यंत वाट पाहावी लागली. अभ्यास कितीही कसून केला, तरी त्या पदवीला बाहेरच्या जगात काय मोल आहे, हा प्रश्न त्या काळच्या विद्यार्थिनींनाही चुकला नव्हता. आज पदव्यांची नावे बदलली, पण प्रश्न कायम आहे.

शिक्षणातून स्वतंत्र उपजीविका हा विचार त्याच सुमारास अन्यत्रही रुजत होता. अमेरिकेतील बोस्टन शहरात तयार कपड्यांचे कारखानदार जॉन सिमन्स यांच्या मृत्युपत्रानुसार १८९९ मध्ये स्त्रियांसाठी महाविद्यालय स्थापन झाले. स्त्रियांना स्वतःची उपजीविका करता येईल असे शिक्षण द्यावे, हा त्यामागील स्पष्ट हेतू होता. त्याच महाविद्यालयाने १९७० च्या दशकात स्त्रियांसाठी व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा काढली. जवळच असलेल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने दोन वर्षांच्या एमबीए अभ्यासक्रमाला स्त्रियांना थेट प्रवेश देण्यास सुरुवात केली, ती १९६३ मध्ये. म्हणजे व्यवस्थापनाचे शिक्षण स्त्रियांना सर्वत्रच उशिरा खुले झाले.

एसएनडीटीचा प्रवासही या दिशेने झाला. १९९७ मध्ये विद्यापीठाच्या जुहू संकुलात जानकीदेवी बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था सुरू झाली. मुंबईतच भुलाभाई देसाई मार्गावरील सोफिया संकुलात पदवीनंतरचा सोशल कम्युनिकेशन्स मीडिया हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केवळ विद्यार्थिनींसाठी चालवला जातो. पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क आणि चित्रपट ही अंगे एकाच वर्षात हाताळायला लावणारा हा अभ्यासक्रम माध्यमक्षेत्रात परिचित आहे.

लेखन शिकवता येते का?

प्रतिभा शिकवता येत नाही, हे खरे. मात्र व्यवसायासाठी लागणारे लेखन बव्हंशी शिकवता येते आणि सरावानेच येते. बातमी, मुलाखत, जाहिरातीचा मजकूर, कंपनीचे प्रसिद्धिपत्रक, संकेतस्थळासाठीची माहिती, मालिकेचे संवाद, उपशीर्षके, अनुवाद, यंत्राची वा संगणकप्रणालीची माहितीपुस्तिका असे या लेखनाचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा घाट वेगळा आहे. बातमीत महत्त्वाची माहिती आधी येते, तर माहितीपुस्तिकेत कृतीचा क्रम चुकून चालत नाही. जाहिरातीच्या मजकुरात दावा आकर्षक असावा लागतो, पण तो सिद्धही करता यावा लागतो. अन्यथा भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार जाऊ शकते.

चांगल्या अभ्यासक्रमाची खूण म्हणजे तेथे विद्यार्थिनीला वर्षभरात किती वेळा लिहावे लागते आणि तिचे लिखाण किती वेळा दुरुस्त होऊन परत येते. परीक्षेत 'बातमीची व्याख्या लिहा' या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलीला महापालिकेच्या सभेची तीनशे शब्दांची बातमी तासाभरात देता येईलच असे नाही. भित्तिपत्रक, प्रायोगिक वृत्तपत्र, महाविद्यालयाचे संकेतस्थळ, ध्वनिचित्रण कक्ष या गोष्टी म्हणूनच शोभेच्या नसून अभ्यासक्रमाचा कणा आहेत.

मराठीचा मुद्दा येथे आवर्जून मांडावा लागेल. माध्यम अभ्यासक्रमांत इंग्रजीचा बोलबाला असतो आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या वर्षीच मागे हटते. वस्तुतः दोन भाषा नीट येणे ही या क्षेत्रातली मोठी जमेची बाजू आहे. बँका, विमा कंपन्या, ग्राहकोपयोगी वस्तूंचे उत्पादक, सरकारी खाती या सर्वांना मजकूर मराठीतून लागतो आणि शब्दशः भाषांतर केलेल्या विनोदी जाहिराती सर्वांनीच पाहिल्या आहेत. मात्र त्यासाठी शुद्धलेखन, प्रमाणभाषेची जाण आणि युनिकोड मराठीत सफाईदार टंकलेखन या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या क्षेत्रात अस्वस्थता निर्माण केली आहे, हेही नाकारता येणार नाही. साचेबद्ध मजकूर आता यंत्र क्षणार्धात तयार करते. केवळ असा मजकूर लिहायला शिकवणारा अभ्यासक्रम म्हणूनच कालबाह्य ठरू लागला आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन माहिती मिळवणे, माणसांशी बोलणे, कागदपत्रे तपासणे आणि यंत्राने दिलेल्या मजकुरातील चूक पकडणे ही कामे अद्याप माणसाचीच आहेत. अभ्यासक्रमात त्यांना किती तास दिले आहेत, हे पाहिले पाहिजे.

व्यवस्थापनाच्या वर्गात काय चालते?

व्यवस्थापनाच्या पदवीत हिशेबशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, व्यवसायविषयक कायदे, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची तोंडओळख करून दिली जाते. 'मॅनेजर' होण्याच्या अपेक्षेने आलेल्या विद्यार्थिनीचा येथे काहीसा हिरमोड होण्याची शक्यता असते, कारण पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा सहायकाचीच असते. त्या नोकरीत उपयोगी पडतात ती साधी कौशल्ये. ताळेबंद वाचता येणे, स्प्रेडशीटवर सफाईने काम करता येणे, २०१७ मध्ये लागू झालेल्या जीएसटीची बिले समजणे आणि वरिष्ठांना दोन पानांत अहवाल देता येणे, अशी ती आहेत.

दुसरी वाट स्वतःच्या उद्योगाची. या वाटेची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभा राहिला. पापड तर घरोघरी होत होते. फरक पडला तो एकसारखा दर्जा, चोख हिशेब आणि कामाचे दाम वेळेवर देण्याच्या शिस्तीमुळे. साताऱ्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज, संस्थापक सभासद महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून, फेटाळला गेला होता. त्यानंतर त्या महिला लिहायला-वाचायला शिकल्या आणि बँक उभी राहिली. अक्षर आणि आकडा यांचे नाते याहून स्पष्ट करणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

कंपन्यांच्या वरच्या पायऱ्यांवरही बदल झाले आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणे बंधनकारक केले. एप्रिल २०२० पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना किमान एक स्वतंत्र महिला संचालक नेमणे 'सेबी'ने सक्तीचे केले. मात्र वरच्या खुर्च्या भरायच्या तर खालच्या पायऱ्यांवर स्त्रिया टिकल्या पाहिजेत.

बिल कोण करणार?

लेखन आणि व्यवसाय हे दोन विषय महाविद्यालयात वेगवेगळ्या विभागांत आणि बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर शिकवले जातात. प्रत्यक्षात त्यांची गरज एकाच व्यक्तीला पडते. माध्यमांतील पूर्णवेळ नोकऱ्या मर्यादित आहेत आणि लेखन, अनुवाद, संपादन यांतील बरेचसे काम आज कंत्राटी किंवा मुक्त स्वरूपाचे आहे. घर सांभाळून काम करू पाहणाऱ्या अनेक स्त्रिया याच प्रकारच्या कामाकडे वळतात आणि नेमक्या तेथेच त्यांची फसगत होते. दर किती सांगावा, आगाऊ रक्कम मागावी का, बिल कसे करावे, उद्गम करकपातीची रक्कम परत कशी मिळवावी, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. पुस्तकभर अनुवाद करून मानधनासाठी वर्षभर हेलपाटे घालण्याची वेळ मग येते.

कायद्याने लेखकाला काही संरक्षण दिले आहे, पण ते ठाऊक असावे लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सर्वसाधारणपणे लेखकच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाची मालकी मात्र, वेगळा करार नसल्यास, मालक संस्थेकडे जाते. वृत्तपत्रे व नियतकालिकांतील नोकरदारांबाबत ही मालकी प्रकाशनापुरती मर्यादित राहते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या पटकथाकार आणि गीतकारांना २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतील वाट्याचा हक्क दिला आहे. माध्यमाच्या विद्यार्थिनीला हे एका व्याख्यानात समजावून देता येते आणि तो एक तास तिच्या पुढील कित्येक वर्षांची मिळकत वाचवू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थिनीला ताळेबंद उत्तम कळतो, पण कर्जाच्या अर्जासोबत द्यायचा प्रकल्प अहवाल लिहिता येत नाही किंवा ग्राहकाच्या तक्रारीला सभ्य, नेमके उत्तर देता येत नाही. म्हणूनच या दोन अभ्यासक्रमांची जी महाविद्यालये सांगड घालतील, त्यांच्या विद्यार्थिनी पुढे जातील. नव्या शैक्षणिक धोरणाने ही सोय करूनही दिली आहे. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील दुय्यम विषय घेण्याची मुभा असल्याने माध्यमाची विद्यार्थिनी हिशेबशास्त्र आणि वाणिज्याची विद्यार्थिनी व्यावसायिक लेखन घेऊ शकते. अर्थात, महाविद्यालयाने वेळापत्रकात तशी जागा ठेवली असेल तरच.

पदवीचे नाव आणि मान्यता

'गृहीतागमा'च्या काळातील मान्यतेचा प्रश्न अलीकडे नव्या रूपात उभा राहिला. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणण्यात आले. त्यामुळे महाराष्ट्रात २०२४ मध्ये या अभ्यासक्रमांसाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा झाली. परीक्षेची पुरेशी माहिती न पोहोचल्याने अनेक विद्यार्थी वंचित राहिले आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. दरम्यान, काही महाविद्यालयांनी परिषदेची मान्यता घेण्याऐवजी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. बीएमएसऐवजी 'बीकॉम, व्यवस्थापन अध्ययन' अशा धाटणीची नावे पुढे आली. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या लोकप्रिय पदवीचे नाव तर २०१९ मध्येच बदलून बीएएमएमसी झाले होते.

नाव बदलले म्हणून शिक्षण वाईट झाले, असे नव्हे. पण त्याचे आर्थिक परिणाम होऊ शकतात. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती देण्याची तरतूद झाली. ती मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागांना ती लागू नाही. दोन शेजारच्या महाविद्यालयांत जवळजवळ सारखाच अभ्यासक्रम असला, तरी एकीकडे शुल्क परत मिळेल आणि दुसरीकडे मिळणार नाही, असे घडू शकते. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी याची खातरजमा लेखी करून घेणे हिताचे.

कार्यानुभवाची कसोटी

नव्या धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा धरला जातो. त्यामुळे चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे १२० तासांचे प्रत्यक्ष काम. हे तास वृत्तपत्राच्या कार्यालयात, जाहिरात संस्थेत, सहकारी बँकेत किंवा लघुउद्योगात गेले तर त्याचा उपयोग होतो. ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्राला मात्र नोकरी देणारे फारशी किंमत देत नाहीत.

प्रशिक्षणासाठी मुलीला बाहेर पाठवताना पालकांना सुरक्षिततेची काळजी वाटते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारांनाही आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. विद्यार्थिनीला पाठवण्यापूर्वी तेथे अशी समिती आहे का, हे महाविद्यालयाने तपासले पाहिजे आणि पालकांनीही विचारले पाहिजे.

फक्त मुलींचेच महाविद्यालय का?

सहशिक्षण सर्वत्र उपलब्ध असताना स्वतंत्र महिला महाविद्यालयाची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर व्यावहारिक आहे. अनेक घरांतून मुलीला पुढे शिकण्याची परवानगी मिळते, ती केवळ महिला महाविद्यालयापुरती. तिच्या दृष्टीने पर्याय हे महाविद्यालय की ते, असा नसून महाविद्यालय की लग्न, असा असतो. दुसरे उत्तर संधीचे. येथे नियतकालिकाची संपादक, महोत्सवाची खजिनदार, कॅमेरा हाताळणारी आणि प्रायोजक मिळवणारी मुलगीच असते. हिशेब मुलांकडे आणि रांगोळी मुलींकडे, अशी वाटणी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मर्यादाही आहेत. छोट्या महिला महाविद्यालयांकडे उद्योगक्षेत्राशी संपर्क कमी असतो, नोकरीसाठी निवड करायला येणाऱ्या कंपन्या मोजक्या असतात आणि उपकरणांवरील खर्च परवडत नाही. 'मुलींना झेपेल' अशा समजुतीने काही ठिकाणी अभ्यासक्रम सौम्य केला जातो. हा सौम्यपणा सर्वांत घातक आहे, कारण मुलाखतीच्या टेबलावर अशी सवलत कोणी देत नाही.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे? शुल्क प्रतिपूर्ती लागू आहे का? शिकवणाऱ्यांत या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेले किती जण आहेत? गेल्या तीन वर्षांत विद्यार्थिनींनी कार्यानुभव कोठे घेतला? मराठीतून लेखन करण्याची सोय आहे का? माध्यमाच्या विद्यार्थिनींना हिशेब आणि वाणिज्याच्या विद्यार्थिनींना लेखन शिकवले जाते का? आणि शेवटचा, माजी विद्यार्थिनी आज काय करतात? या प्रश्नांची उत्तरे सहजपणे देणारे महाविद्यालय बहुधा चांगले असते. उत्तरादाखल केवळ रंगीत माहितीपत्रक पुढे करणाऱ्या महाविद्यालयाबाबत मात्र पालकांनी दोनदा विचार केलेला बरा.